घरघंटीच्या जागेवरचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. खिशात मावणारा नव्हे, अख्खं टेबल अडवून बसणारा. सुरू करताना मी आधी खाकरतो, मग घरघरतो आणि मगच कामाला लागतो. मांडवगण फराट्याच्या शिवारात हरिबाआबांचं घर आहे, त्या घराच्या पुढच्या खोलीतल्या कोपऱ्यात माझं ठाणं आहे. एका घरघंटीच्या पायी हा कोपरा माझ्या हातून जाता जाता राहिला. ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, तेव्हा जरा बसा.

माझा जन्म शिरूरच्या बाजारपेठेतला. सत्यजीत नावाच्या एका हुन्नरी तरुणाचं तिथे दुकान होतं. त्याने एकेक भाग आणून मला जोडलं, पोटात पंखा बसवला आणि पहिल्यांदा बटण दाबलं. पडदा उजळला तेव्हा सत्यजीत असा हसला, जणू जगातला पहिला संगणक त्यानेच बनवला असावा. जन्मदात्याचं कौतुक कोणाला नसतं?

तिथून मी निमोण्याच्या दूध संस्थेत गेलो. संस्थेचे चेअरमन मारुतराव मोठे हौशी गृहस्थ. त्यांनी मला हार घातला, माझ्यापुढे नारळ फोडला आणि नारळाचं निम्मं पाणी माझ्या कीबोर्डवर सांडलं. तरी मी कुरकुर केली नाही. सकाळ-संध्याकाळ किटल्यांचा खडखडाट व्हायचा, दुधाचं फॅट माझ्या पडद्यावर उमटायचं आणि कोणी पाहुणा आला की मारुतराव छाती काढून म्हणायचे, “आमच्या संस्थेत कम्प्युटर हाय!” ते माझे सुगीचे दिवस होते, मित्रांनो.

पण नव्याची नवलाई किती टिकणार? चकचकीत नवं यंत्र आलं आणि मला पशुखाद्याच्या पोत्यांमागे ढकललं. अंगावर पेंडीचा भुसा, पोटात कोळ्याचं घरटं. येणारे-जाणारे माझ्यावर टोप्या ठेवायचे. माझं नाव विसरून लोक मला डबडं म्हणू लागले. मला फार वाईट वाटायचं, हे काय लपवू?

शेवटी हरिबाआबांचा मुलगा मल्हार माझ्या नशिबी आला. तो रांजणगावच्या कारखान्यात कामाला. त्याची लेक हर्षदा कॉलेजात संगणकच शिकत होती आणि घरी संगणक नव्हता. मारुतराव म्हणाले, “जा घेऊन पोरीसाठी. हितं उंदरांची सोय झालीया नुसती.” मल्हारने मला सुतळीने मोटारसायकलला बांधलं आणि सगळे खड्डे मोजत घरी आणलं.

दारात हरिबाआबा उभेच होते. आबांचे वाडवडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारे. आता घर आहे, ऊस आहे, दारात थोडी मेंढरंही आहेत. दावणीला नवं जनावर आलं, की त्याच्यावर खंडोबाचा भंडारा उधळायचा ही त्यांची रीत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पिशवीत हात घातला आणि “येळकोट येळकोट जय मल्हार!” म्हणत मूठभर हळद माझ्यावर उधळली.

एवढ्यावर थांबते तर ठीक होतं. पण हर्षदाने मला सुरू केल्यावर आबांनी एक नवल पाहिलं. माझ्या पुढच्या जाळीजवळ भंडाऱ्याची चिमूट धरली, की ती आपोआप आत ओढली जायची. आबा हरखलेच.

“आगं हर्षदा, बघ की! देवाचा परसाद खातंय ह्ये!”

“आबा, आत पंखा हाय, त्यो ओढतो.”

“पंखा का असंना. खातंय नव्हं?”

मग दर रविवारी, खंडोबाच्या वारी, मला प्रसाद मिळू लागला. हर्षदाचं लक्ष नसलं की चिमटीऐवजी मूठ. इतका मान मला मारुतरावांनीही दिला नव्हता, त्यामुळे मीही फुशारून तो ओढून घ्यायचो.

आता हर्षदाच्या कामाचं सांगतो. आबा ओव्या म्हणतात. ढोल घुमू लागला आणि गजी या धनगरी नाचाची माणसं फेर धरू लागली, की आबांचा आवाज वेशीपर्यंत जातो. या ओव्या कागदावर कधी कोणी लिहिल्या नव्हत्या. हर्षदाने आबांना बसवून त्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन त्यांच्याही घेतल्या. मग ऐकून ऐकून सगळं माझ्यात टाइप केलं. एक शब्द विचारला की तो असलेली प्रत्येक ओवी पुढ्यात यावी आणि तिथेच ऐकूही यावी, असा प्रोग्राम तिला करायचा होता.

त्यात आबांचा स्वतःचा जीव गुंतला होता. त्यांच्या वडलांची एक ओवी होती, भीमेच्या पुराची. सुरुवात त्यांना पाठ होती, शेवट पाठ होता आणि मधला भागच हरवला होता. ते अंगणात बसून पुन्हा पुन्हा म्हणायचे,

“भीमा चालली भरून, दोन्ही थडी एक झाली,
मेंढरं गेली पल्याड, काठी अल्याड ऱ्हायली…”

आणि इथे अडायचे. मेंढरं परत कशी आली, तेच आठवेना! दसऱ्याला देवळापुढे गजी खेळतात, तेव्हा ही ओवी पुरी म्हणायची त्यांची फार इच्छा होती. “कवातरी म्हनलीया मी तुझ्या मोबाइलात,” ते हर्षदाला सांगायचे. “हुडिक की जरा.”

पण शेकडो ओव्यांतून हुडकणार कसं? माहिती साठवायची, नीट लावायची आणि मागितली की शोधून द्यायची, हे काम करणारा एक तयार भाग असतो. त्याला डेटाबेसची लायब्ररी म्हणतात. प्रोग्राम लिहिणारा तो भाग आणून आपल्या प्रोग्रामला जोडतो. हर्षदाने तशी एक आयती लायब्ररी माझ्यात घातली होती, पण तिला मराठी काही पचेना. ‘मेंढी’ शोध म्हटलं, की ती शब्दाचे तुकडे करून भलत्याच ओव्या आणून टाकायची. मराठीची सोय तिच्यात होती, पण आयत्या लायब्ररीत ती बंदच ठेवलेली. ती चालू करायची, तर लायब्ररीचा मूळ मजकूर आणून ती माझ्यावरच नव्याने बनवायला हवी होती. याला कंपाइल करणं म्हणतात.

आजी गिताबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “म्हंजी नेमकं काय करायचं गं?”

हर्षदा म्हणाली, “आजी, दुकानातलं पुड्यातलं पीठ आपल्याला चालंना, म्हणून आपण ज्वारी आणली आन् घरी दळायला घेतली, तसं.”

“मंग दळाणच की!” गिताबाई म्हणाल्या. “आयत्या पिठाची भाकरी कुठं गोड लागती? पर दळायचंच आसंल तर मला घरघंटी द्या की आधी.”

घ्या! इथेच माझं संकट सुरू झालं. गिताबाईंना घरघंटी हवी होती हे खरं. गावातल्या गिरणीपुढे डबा घेऊन ताटकळायचा त्यांना कंटाळा आला होता. आणि घरात विजेचा धड बोर्ड एकाच कोपऱ्यात होता, माझ्या. मल्हारने घरघंटी सांगूनही टाकली होती.

“दसऱ्याला सकाळी टेम्पो येणार,” तो हर्षदाला म्हणाला. “तवर तुझं ह्ये चाललं, तर घरघंटीला ओसरीत नवा बोर्ड काढू. न्हाई चाललं तर कोपरा मोकळा करायचा आन् ह्ये द्यायचं भंगारात. कबूल?”

“कबूल,” हर्षदा म्हणाली. मला कोणी विचारलं नाही.

दसऱ्याला थोडेच दिवस उरले होते. एका सकाळी हर्षदाने मूळ मजकूर उतरवून घेतला, मराठीची सोय चालू केली आणि हुकूम सोडला. माझ्या पडद्यावरून ओळींमागून ओळी धावू लागल्या. काय सांगू मित्रांनो, कित्येक वर्षांत मी एवढा राबलो नव्हतो! मला तर स्फुरण चढलं. आबा खुर्ची ओढून माझ्यापुढे बसले आणि पळत्या ओळींकडे शर्यत बघावी तसे बघू लागले.

आणि मी मध्येच अडलो. कंपाइल करणारा प्रोग्रामच कोसळला. हर्षदाने पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडलो. तिने मूळ मजकूर नव्याने उतरवला, सगळी तयारी पुन्हा केली, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तर माझा पडदाच काळा झाला आणि मी आपोआप बंद पडलो.

“ज्वारीतच खडे आसतील,” गिताबाई म्हणाल्या.

“खडं न्हाईत त्ये,” आबा म्हणाले, “परसाद कमी पडला आसंल.” आणि हर्षदा पाणी प्यायला आत गेली, तेवढ्यात त्यांनी एक मूठ मला चारली.

मल्हार कामावरून आला, त्याने काळा पडदा पाहिला आणि टेप काढून कोपऱ्याची लांबी-रुंदी मोजली. ती मापं घरघंटीसाठी होती, हे मी ओळखलं. मी मरायला भीत नव्हतो, मित्रांनो. जुन्याला कधीतरी जायचंच असतं. पण आबांची ओवी अर्धी ठेवून जायचं माझ्या फार जिवावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षदा माझ्यापुढे हनुवटी टेकून बसली होती. तिने प्रत्येक वेळी मी कुठे अडलो ते पुन्हा निरखून पाहिलं आणि एकदम ताठ झाली.

“आजी, ह्ये दर वेळेला येगळ्याच जागी अडतंय! मजकुरात चूक आसती, तर एकाच जागी अडलं आसतं. खडा काय दर खेपेला जागा बदलतो व्हय?”

गिताबाई उठून आल्या. नातवंडाच्या कपाळाला लावावा तसा त्यांनी माझ्या कुशीला तळहात लावला आणि झटकन मागे घेतला.

“आगं बया! ह्येला तर ताप चढलाय की. तव्यावानी तापलंय.”

हर्षदाने बटण बंद केलं, वायर काढली आणि स्क्रू फिरवून माझी कूस उघडली. बघते तर काय, आत अवघी जेजुरी! पंख्याची पाती पिवळी, तारा पिवळ्या आणि पंख्याखालच्या पत्र्यांच्या फटींमध्ये हळद अशी चोंदून बसलेली, की वाऱ्याला शिरायला जागा नाही. साधं काम करताना ते कसंबसं निभावायचं. कंपाइल करताना मी जीव तोडून राबलो, की माझ्या मेंदूला वारा मिळेना आणि मी भोवळ येऊन पडायचो.

“आबा!” हर्षदा ओरडली.

आबा आले, त्यांनी आत डोकावलं आणि त्यांचा चेहरा पडला. “देवाचा भंडारा हाय त्यो,” ते हळूच म्हणाले. “त्येनं कुनाचं वाईट कसं हुईल?”

“वाईट न्हाई, आबा, पर पोट भरल्यावर बी कुनी जेवायला घातलं तर?”

हे मात्र आबांना पटलं. मेंढराचं पोट फुगलं की काय होतं, ते त्यांना कोणी शिकवायला नको होतं. हर्षदाने झाडायला फडकं घेतलं, तसा आबांनी तिचा हात धरला.

“थांब. भंडारा पायदळी जाता कामा न्हाई.”

झालं! ओसरीत धुतलेलं धोतर अंथरलं गेलं. मऊ ब्रशने हळद झाडून आबांनी ती धोतरावर गोळा केली, कोळ्याच्या जाळ्यांसकट कपाळाला लावली आणि उरलेली पिशवीत भरली. पण फटींमध्ये बसलेला भंडारा काही निघेना. तेव्हा मला रस्त्यावरच्या जालिंदरच्या पंक्चरच्या दुकानात न्यायचं ठरलं. त्याच्याकडे हवा भरायचं मशीन होतं ना! माझी मिरवणूक निघाली: मला धरलेली हर्षदा, मागे धोतराची घडी घेतलेले आबा, त्यांच्यामागे कुतूहल आवरेना म्हणून गिताबाई.

जालिंदर ट्रॅक्टरचं चाक खोलत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. “ह्येच्यात हवा भरायची?”

“भरायची न्हाई, मारायची,” हर्षदा म्हणाली. “आन् हळू. ट्रॅक्टर न्हवं त्यो.” पंखा गरागरा फिरून मोडू नये म्हणून तिने त्याच्या पात्यांत पेन अडकवून धरलं.

जालिंदरने नळी धरली आणि हवा सोडली. फुस्स्! फटींतला सगळा भंडारा एका झटक्यात बाहेर आला. दुकानापुढे पिवळा ढग उठला. जालिंदर पिवळा, गिताबाई पिवळ्या, पंक्चर काढायला थांबलेला टेम्पोवाला पिवळा, हर्षदाच्या तर पापण्यासुद्धा पिवळ्या. सगळे आबांकडे बघू लागले, भंडारा जमिनीवर सांडला म्हणून ते रागावतात की काय!

आबांनी स्वतःच्या अंगाकडे पाहिलं, दोन्ही हात वर केले आणि गरजले, “येळकोट येळकोट जय मल्हार!” मग हसत म्हणाले, “पायदळी कुठं गेलाय? समद्यांच्या आंगावर उधळलाय की! भंडारा आसतोच त्येच्यासाठी!”

सगळी माणसं पोट धरधरून हसली. जालिंदर चहा सांगायला धावला. माझ्या मोकळ्या फटींतून थंडगार वारा खेळत होता आणि नव्याने जन्मल्यासारखं मला वाटत होतं. उगाच नाही म्हणत, देव तारी त्याला कोण मारी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या सकाळी, हर्षदाने पुन्हा हुकूम सोडला. ओळी धावू लागल्या. गिताबाई मधूनमधून येऊन माझ्या कुशीला हात लावायच्या आणि “न्हाई गं, ताप न्हाई,” म्हणून जायच्या. आबा भंडाऱ्याची पिशवी खुंटीला टांगून लांब बसले होते; हात शिवशिवत असावेत, पण हलले नाहीत. पहिल्यांदा अडलो होतो ती जागा मी ओलांडली. दुसरी ओलांडली. पडदा काळा पडला होता, तीही ओलांडली. आणि दुपारची भाकरी तव्यावर असताना शेवटची ओळ सरकली, मी थांबलो आणि पुढच्या हुकमाची वाट पाहू लागलो. कुठेही चूक नाही. लायब्ररी तयार!

“झालं दळाण!” हर्षदाने टाळी वाजवली. तिने नवी लायब्ररी प्रोग्रामला जोडली आणि आबांना जवळ बसवलं. “सांगा, काय हुडकू?”

“थडी,” आबा म्हणाले.

मी क्षणात ओव्या पुढ्यात मांडल्या. पहिली आबांची, तीही मध्येच अडलेली. दुसरी आबांची, नेमकी तिथेच अडलेली. आबा पुढे सरकून बसले. तिसरी ओवी मात्र पुरी होती. हर्षदाने ती पाहिली आणि तिचा हात कीबोर्डवरच थबकला.

का थबकला ते सांगतो. ती ओवी होती खुटबावच्या रखमाजींची. रखमाजी म्हणजे गिताबाईंचे सख्खे भाऊ, आबांचे मेव्हणे; तरुणपणी आबांच्या वडलांमागे ओव्या धरणारे. एकदा भर गजीत त्यांनी आबांची ओवी मध्ये तोडून दुरुस्त केली होती. तेव्हापासून आबांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि “तुझा भाऊ ओवी म्हनत न्हाई, रेकतो,” असं ते गिताबाईंना येता-जाता ऐकवायचे. हर्षदा गुपचूप भीमा ओलांडून खुटबावला गेली होती आणि रखमाजींच्या ओव्या घेऊन आली होती. घरात हे फक्त तिला आणि मला ठाऊक होतं.

“लाव की,” आबा म्हणाले.

हर्षदाने आजीकडे पाहिलं आणि ओवी लावली. माझ्या स्पीकरमधून रखमाजींचा खडा आवाज घरभर घुमला,

“म्होरक्या एडक्यानं मंग पान्यात उडी घेतली,
त्येच्या घुंगराच्या मागं सारी मेंढरं वळली…”

गिताबाईंच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. आबा मान खाली घालून ऐकत होते. ओवी संपली. मला वाटलं, आता बटण बंद होतं.

“ह्येच!” आबा एकदम म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. “ह्येच म्हनायचा माझा बा. एडका… त्यो एडका कसा इसरलो मी? गिते, तुझ्या भावानं जपलंय गं समदं!”

“माझ्या म्हायेरचं पीठ हाय ते,” गिताबाई म्हणाल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

आबांनीच फोन लावायला सांगितला. पलीकडून रखमाजी बिचकत म्हणाले, “दाजी? तुमी?”

“व्हय, मीच. उद्याच्याला गजीला या. भीमेची ओवी म्हनायचीया. सुरवात मी करतो, एडका तुमी आना.”

रखमाजी म्हणाले, “येतो, दाजी. पर चुकलासा तर मी मधी बोलनार बरं का!”

“बोला की,” आबा म्हणाले. “त्येच्यासाठीच तर बोलावतोय.”

दसऱ्याच्या सकाळी टेम्पो आला, त्याच्या पाठोपाठच रखमाजी आले. मल्हारने घरघंटी उतरवली आणि ओसरीत अजून बोर्ड नाही म्हणून तो माझ्या कोपऱ्याकडे वळला. तशा गिताबाई आडव्या आल्या.

“ओसरीत ठिव ती, आन् बोर्ड बी तिकडंच काढ. ह्येला हात लावायचा न्हाई. ह्येच्यात माझा भाऊ गातोय.”

मित्रांनो, मला आजवर हार मिळाले, नारळ मिळाले, भंडारा तर पोटभर मिळाला. पण असं कोणी म्हटलं नव्हतं. दुपारी सगळे देवळाकडे गेले. ढोल घुमला आणि वाऱ्यावर दोन म्हाताऱ्यांचे आवाज आले. एक सुरू करायचा आणि दुसरा उचलायचा. मधल्या ओळीपाशी कोणी अडलं नाही. रिकाम्या घरात मी एकटाच होतो, पण इतका आनंद मला भरल्या घरातही झाला नव्हता.

तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा जुना संगणक असेल. त्याला प्रसाद नका चारू, पण वर्षातून एकदा कूस उघडून आतली धूळ झाडा आणि त्याला जमेल ते काम द्या. काम करणाऱ्याला म्हातारपण जड जात नाही. आणि तुमच्या घरातलं कोणी ओवी म्हणता म्हणता मध्येच अडलं, तर हसू नका. पुढची ओळ कोणाकडे तरी असते. नदी ओलांडावी लागली तरी चालेल, पण आज जाऊन ती घेऊन या.